जत्रेच्या फडावर कुस्ती करून पोट भरायचंय? मग आधी हे वाच

फोन संध्याकाळचा येतो. “पैलवान, चैत्री पुनवेला मोकळं हायसा का? गावची जत्रा हाय, जोड तगडी लावतोय.” मैदानी पैलवानाची नोकरी म्हणजे एवढंच. नेमणूकपत्र नाही, पगार नाही, रजा मागायला साहेब नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर या पट्ट्यात गावोगावच्या जत्रांना कुस्त्यांचे फड भरतात. त्या फडांवर एकट्याच्या जिवावर लढून वर्ष काढणारी पोरं प्रत्येक मोठ्या तालमीत भेटतात. त्यांच्यात जायचं तुझ्या मनात असेल, तर हा लेख तुझ्यासाठी आहे.

मी दहा हंगाम काढले. पत्रकावर माझं नाव तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या कुस्तीला असायचं, पहिल्या नंबरला कधी पोचलो नाही. त्यामुळं गदा कशी जिंकावी हे मला विचारू नकोस. मधल्या नंबरच्या पैलवानाचं घर कसं चालतं, तेवढं मला माहीत आहे. हरलेल्या पैलवानाला गावं परत बोलावतात आणि जिंकलेल्याला कधी कधी बोलावत नाहीत, हे मला कळायला चार हंगाम गेले. तुझे ते चार हंगाम वाचले तर बरं.

तालीम बघताना

दहा-बारा वर्षांचा असशील तर गावची तालीम पुरे. जोर, बैठका, सपाट्या, धावणं, पडायला शिकणं एवढं तिथं होतं. मिसरूड फुटलं की मोठ्या तालमीची गोष्ट निघते. कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग. पुण्यात शिवरामदादा तालीम, कात्रजचं मामासाहेब मोहोळ संकुल. नावं मोठी आहेत, पण नावावर जाऊ नकोस. वडिलांना घेऊन जा, दोन दिवस मुक्काम कर आणि पहाटे चारला उठून हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर बस.

वस्ताद स्वतः येतात की नुसती शिट्टी वाजवायला एखादा मोठा पैलवान ठेवलाय, ते बघ. तुझ्या वजनाचे आणि तुझ्याहून पाच-सात किलो भारी असे चार-पाच गडी लढतीला आहेत का, ते मोज. सगळे शंभर किलोचे असतील तर तू दोन महिन्यांत मोडशील, सगळे पोरसवदा असतील तर वाढणार नाहीस. मातीबरोबर गादी, म्हणजे मॅट, आहे का, हे हमखास विचार. त्याचं कारण पुढं येईल.

नवा पोरगा म्हणून तुझ्याकडं पहिलं काम येईल ते हौद उकरायचं. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घातलेला. ती रोज खोऱ्यानं खालीवर करायची, पाणी शिंपडायचं. वर मोठ्या पैलवानांची अंगं रगडायची, थंडाई घोटायची. घरी गेल्यावर आईला “मला गड्यासारखं राबवतात” म्हणून सांगशील. सांगू नकोस. माझ्या मनगटाची पकड जोरांनी कमी आणि खोऱ्यानं जास्त घडवली.

डावांचं एकच सांगतो. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी, मोळी, झोळी, लपेट ही नावं तालमीतल्या मांजरालासुद्धा पाठ असतात. मैदानावर पोट भरणारा पैलवान दोन डावांवर भरतो. एक उभ्यानं मारायचा, एक समोरचा खाली आल्यावर. माझा घिस्सा होता. समोरच्याला माहीत असायचा, पब्लिकला माहीत असायचा, आणि तरी बसायचा. असा एक डाव अंगात येईपर्यंत हंगामाला उतरायची घाई करू नकोस.

खुराकाचा हिशेब

वडिलांना हा परिच्छेद वाचून दाखव. आमच्या भागातल्या भावानं म्हशीचं दूध पंचाहत्तर रुपये लिटर धरू. वाढत्या पैलवानाला दिवसाला तीन लिटर, म्हणजे महिन्याला ६,७५० रुपये नुसतं दूध. रोज शंभर ग्रॅम बदाम म्हणजे महिन्याला तीन किलो, किलोला नऊशे धरले तर २,७०० रुपये. दोन किलो तूप, १,४०० रुपये. झाले १०,८५०. अजून अंडी, मटण, फळं, थंडाईतली खसखस, मगज बी आणि वेलदोडे, भाजी-भाकरी, खोलीचं भाडं यायचंय. पंधरा हजारांच्या आत महिना बसत नाही, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार.

घरी म्हैस असली की निम्मा खर्च दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं. मोठ्या तालमीत आल्यावर तो दिसायला लागतो. पहिली तीन-चार वर्षं तू घालशील त्यातलं निम्मंही फडावरून परत येणार नाही. हे घरात उघड बोलून घ्या. अर्ध्यातून परत आलेली बहुतेक पोरं कुस्तीला कमी पडली नव्हती, दुधाचं बिल थकलं होतं.

हंगाम आणि पहिली पायरी

दिवाळी झाली की फड सुरू होतात. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, वारणानगर ही मोठ्या नावाची मैदानं. खरी झुंबड चैत्र-वैशाखात. सुगी उरकलेली, हातात चार पैसे, ग्रामदैवताची पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या. मे महिन्यात तर एकाच दिवशी चार गावांत मैदानं असतात. मृगाचा पाऊस पडला की सगळं थंड. मध्ये नागपंचमीला काही गावांत होतं तेवढंच.

पहिल्या वर्षी फोनची वाट बघू नकोस, कारण तो येणार नाही. तालमीतल्या मोठ्या पैलवानाच्या गाडीत बसून जा. दुपारी फड सुरू होतो तो बारक्या पोरांच्या कुस्त्यांनी, पूर्वी रेवड्यांवर आणि नारळावर, आता पन्नास-शंभर रुपयांवर. हलगी तापलेली असते, कमिटीतलं कुणी तरी एका पोराचा हात धरून हौदाभोवती फिरवत असतं: “याला जोड हाय का कुणी?” तू कपडे काढून पुढं व्हायचं. एवढीच तुझी भरती परीक्षा.

या पायरीवर पैसे मोजायचे नाहीत. दोनशे रुपयांच्या कुस्तीसाठी तीनशेचं पेट्रोल जाईल. तू जातोयस ते त्या गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी तुझं नाव लक्षात ठेवावं म्हणून. पुढच्या वर्षीच्या यात्रा कमिटीच्या बैठकीत तेच बसलेले असतात.

जोड: इथंच सगळं आहे

गादीवर वजनाचे गट ठरलेले असतात: ५७, ६१, ६५, ७०, ७४ असे १२५ किलोपर्यंत. आदल्या दिवशी किंवा सकाळी काट्यावर उभं राहायचं, विषय संपला. मैदानावर बहुतेक ठिकाणी काटा नसतो. दोघांना उघड्या अंगानं शेजारी उभं करतात आणि कमिटीतला एखादा जुना पैलवान मान, छाती, मांड्या बघून “बसली जोड” म्हणतो. त्याची नजर काट्याइतकी खरी असते, पण तो गावाचा माणूस आहे. त्याला कुस्ती रंगवायची आहे. तुझा खांदा सांभाळायचं काम तुझं.

मोठ्या नंबरच्या कुस्त्या आधीच ठरतात आणि पत्रकावर छापल्या जातात. असा फोन आला की पाच गोष्टी विचारायच्या. समोर कोण? त्याचं वजन आज किती? कुस्ती निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंत, की वेळ संपल्यावर गुणांवर? जिंकलो तर किती, हरलो तर किती, बरोबरीत सुटली तर किती? गाडीखर्च कुणाचा? पत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा एकच असेल असं धरून चालू नकोस. काही गावं छापतात त्याहून जास्त देतात, काही गावांत आकडा नुसता पत्रकाची शोभा असतो. विचारायची लाज वाटते हे मला माहीत आहे. पैलवानानं पैशाचं बोलू नये असं आपल्याकडं शिकवतात, आणि दूधवाला मात्र दर एक तारखेला बोलतो.

माझ्या दुसऱ्या हंगामात एका गावातून दुपारी बाराला फोन आला. ठरलेला पैलवान आला नव्हता, पत्रक वाटून झालं होतं, अकरा हजार देतो म्हणाले. समोरचा माझ्याहून चौदा किलो भारी होता. मला ते माहीत होतं आणि मी गेलो. सातव्या मिनिटाला त्यानं मला उचललं, मी हातावर पडलो, खांदा निखळला. त्या हंगामातली नऊ मैदानं गेली. वस्तादांना न विचारता गेलो होतो, त्यामुळं हात गळ्यात बांधूनच त्यांच्यासमोर उभा राहिलो. रागावले नाहीत. “किती मिळाले?” म्हणाले. मी सांगितलं. “आन् गेले किती?” एवढं विचारून ते पोरांच्या लढती बघायला वळले.

तेव्हापासून मी एक वाक्य शिकलो: “वस्तादांना विचारून सांगतो.” सरळ नाही म्हटलं तर गाव दुखावतं, “घाबरला” म्हणतं. वस्तादांचं नाव घेतलं की कुणी दुखावत नाही. पण तासाभराच्या आत उलटा फोन करायचाच, आणि जमत नसेल तर आपल्याच तालमीतला बरोबरीचा दुसरा गडी सुचवायचा. कमिटीची अडचण सुटते, मित्राला कुस्ती मिळते आणि नाही म्हणूनही तू उपकार केलेला ठरतोस. मला चांगल्या गावांतली निम्मी बोलावणी अशा नकारांतून आली.

इनामाचा वाटा तालमीला किंवा वस्तादांना द्यायचा का, किती, हे प्रत्येक तालमीत वेगळं असतं. पहिलं इनाम मिळायच्या आधी ते मोठ्या पैलवानांकडून समजून घे.

फडाच्या दिवशी

बाराच्या आत पोच. हौदात अनवाणी फिर, खडे आहेत का, माती नुसती वर पसरलीय की खोल उकरलीय, ते पायाला कळतं. कडक हौद असेल तर कमिटीला सांग, तासभर आधी सांगितलं तर माणसं लावतात. जेवण हलकं. जत्रेच्या गावात प्रत्येक घर तुला मटणाच्या ताटावर बसवायला बघेल, कुस्ती झाल्यावर बस. पिशवीत दोन लंगोट, टॉवेल, चिकटपट्टी, आधार कार्ड.

मग निवेदकाला जाऊन भेट. तुझं नाव, गाव, वस्तादांचं नाव, मागच्या महिन्यात कुणाला चितपट केलंस, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात दे. शंकर पुजारींसारख्या जाणत्या निवेदकाच्या तोंडून नाव गेलं की पाच हजार माणसांत ते पसरतं. आता तर यूट्यूबवर थेट मैदानं दिसतात आणि कमिट्या तेच बघून जोडी ठरवतात, त्यामुळं माईकवरून तुझं नाव चुकीचं गेलं तर चुकीचंच पसरतं. माझा एक मित्र तीन वर्षं दुसऱ्याच गावचा म्हणून ओळखला जात होता.

सलामी झाली, माती लावली, खडाखडी सुरू झाली. इथं मैदान आणि गादी यांतला फरक लक्षात ठेव. गादीवर तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, एकेक गुण मोजायचा. मैदानाला गुणांचं कौतुक नसतं, पाठ लागलेली बघायला लोक आलेले असतात. नुसती मान धरून दहा मिनिटं ढकलाढकली केलीस तर हलगीवालासुद्धा कंटाळतो. पट काढायचा, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायचा, प्रयत्न कर, फसू दे, परत कर. हरलास तरी चालेल. काटा, म्हणजे अटीतटीची, कुस्ती करून हरलेल्याला लोक हौदाबाहेर नोटा देतात, पाठीवर थाप मारतात. परत बोलावणं तिथं ठरतं. लांब ओढून बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीचे दोन्ही पैलवान पुढच्या वर्षीच्या पत्रकावर सहसा दिसत नाहीत.

पाठ लागली का नाही यावरून पंचांशी वाद घालायचा नाही. लागली नसेल तरी नाही. व्हिडिओ आहे, गाव रात्री बघेल आणि स्वतःच ठरवेल. जिंकलास तर समोरच्याला उठव, त्याच्या वस्तादांच्या पाया पड, मग फेरी मार.

नुरा

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. पहिल्या दोन-तीन हंगामांत तुला कुणी तरी बाजूला घेईल. “दहा मिनिटं खेळू, मग बरोबरी घेऊ, दोघांचंबी भागंल.” कधी तुझ्यासारखाच दूधबिलानं पिचलेला पोरगा असेल, म्हणून राग येणार नाही. तरी नाही म्हण. नैतिकतेचं सोड, व्यवहार बघ. हौदाभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांनी तुझ्या वयाच्या तिप्पट वर्षं कुस्त्या बघितल्यात. पकडीत जोर नाही हे त्यांना पहिल्या मिनिटाला दिसतं. एकदा “नुरा करतो” हे नावापुढं लागलं की ते जिल्हाभर फिरतं आणि फोन बंद होतो. तो का बंद झाला, हेही तुला कुणी सांगत नाही.

कान, गुडघा आणि सुई

कान सुजून रक्त साठलं तर दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून काढून घे आणि दाबपट्टी बांध. उशीर झाला की कूर्चा घट्ट होते, मग कान तसाच राहतो. मोडलेला कान मिरवायची हौस सगळ्यांना असते, मलाही होती. आता फोन नीट ऐकू येण्यासाठी तो कुठं धरायचा हे शोधावं लागतं. नायटा झाला तर हौदात उतरू नकोस, सगळी तालीम खाजवत बसते. गुडघ्यात ‘टक’ आवाज येऊन सूज आली तर रगडून घेऊ नकोस, एमआरआय कर. वर्षाला वीस रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घेतली की सगळं झालं असं पोरांना वाटतं. ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, तुटलेल्या लिगामेंटला त्यातून रुपया मिळत नाही. स्वतःचा आरोग्य विमा काढ.

आता सुई. दोन महिन्यांत दहा किलो वाढवून देतो म्हणणारा माणूस प्रत्येक शहरात आहे. मैदानावर तपासणी होत नाही म्हणून तो सांगेल. तू उद्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरलास की नाडाची, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक द्रव्यांसाठी तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, माणसं लघवीच्या नमुन्याची बाटली घेऊन उभी असतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर नरसिंग यादवला काय भोगावं लागलं ते आठव. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. माझ्या खाण्यापिण्यात कुणी तरी मिसळलं असं तो सांगत होता, नाडानं त्याला सोडलंही होतं, तरी क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. तुझ्या अंगात जे सापडेल त्याला तूच जबाबदार. म्हणून थंडाईचं भांडंसुद्धा उघडं टाकून आंघोळीला जाऊ नकोस.

गादीचा कागद

मी केलेली सगळ्यात मोठी चूक इथं आहे. दहा हंगाम, घरात ढालींनी भरलेलं कपाट, आणि नोकरीच्या अर्जाला जोडायला एकही कागद नाही.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. जत्रेच्या फडावर तू हिंदकेसरीला पाडलंस तरी त्याचा कागद मिळत नाही. म्हणून शालेय स्पर्धा, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद या पायऱ्या वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून चढत राहा. भले दोन मैदानं बुडू देत. आणि अर्ज भरायच्या आधी एक चौकशी कर: स्पर्धा कोणती संघटना भरवते आणि तिचं प्रमाणपत्र आज ग्राह्य आहे का. आपल्याकडं कुस्ती संघटनांच्या आपसातल्या कुस्त्या कधी निकाली होत नाहीत आणि त्यात पोरांचे कागद चिरडतात. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोघांतले विजेते शेवटी एकमेकांशी लढतात, म्हणजे गादी टाळून तिथंही भागत नाही. जळगाव जिल्ह्यातला विजय चौधरी २०१४ पासून सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलिसात उपअधीक्षक झाला. प्रत्येकाला ते जमणार नाही, पण शिपाई म्हणून भरती झालेले, रेल्वेत लागलेले, सैन्यात गेलेले माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत. सगळ्यांकडं गादीचा कागद होता.

खाशाबा जाधवांचं उदाहरण लोक देशभक्तीसाठी देतात, मी हिशेबासाठी देतो. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायचे पैसे गावकऱ्यांच्या वर्गणीतून आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे राहिले. कांस्यपदक आणल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात मैदानं केली आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. मैदानानं कर्ज फेडलं, पण महिन्याचा पगार पोलीस खात्यानं दिला.

शिकवायची आवड असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. त्यालाही खेळाची प्रमाणपत्रं मागतात, आणि शिक्षण अर्धवट सोडू नकोस.

मुलींसाठी

२०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. त्यानंतर जत्रांमध्ये मुलींच्या जोड्या लागायला लागल्यात, पण संख्येनं अजून कमी, आणि पुष्कळ गावांत कुस्तीपेक्षा कौतुकच जास्त. मुलींनी गादी आधी धरावी, मैदान वरकमाई समजावं. राहायची वेगळी सोय नसलेल्या तालमीत आई-वडिलांनी मुलीला ठेवू नये, वस्ताद कितीही नावाजलेले असोत.

पावसाळ्यात

मृग लागला की पहिले पंधरा दिवस अंगाला विश्रांती, शेतातली कामं. मग आषाढ-श्रावण मेहनतीचे. वजन, ताकद, नवा डाव, सगळं या दोन महिन्यांत. खुराक मेहनतीच्या मापात ठेव. कुस्ती सुटल्यावर जोर बंद झाले आणि तीन लिटर दूध चालूच राहिलं, असे साखर झालेले पैलवान प्रत्येक गावात पाराखाली बसलेले आहेत.

आणि एक वही घाल, साधी शंभर पानी. प्रत्येक मैदानाला एक पान: गाव, तारीख, कमिटीतल्या माणसाचं नाव आणि नंबर, समोरचा पैलवान, त्याचा हुकमी डाव, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे, खर्च. दसऱ्याच्या आसपास वही उघडून एकेका गावाला फोन लाव आणि आधी पाऊसपाणी विचार. कुस्तीचं तेच काढतील. ज्या गावानं ओळीनं दोन वर्षं बोलावलं नाही, त्याच्या पानावर थांब आणि तिथली शेवटची कुस्ती कशी झाली होती ते वाच.